मधल्या खोलीला पिवडीचा पिवळा द्यावा की गडद मोरपंखी?

वाघूरकाठ | २६ मे, रात्री ९:५०

भुसावळ तालुक्यात वाघूरच्या काठी आमचं घर आहे. जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर होतं. तीन वर्षांपूर्वी पुढचा भाग उतरवून स्लॅब टाकला. मधल्या खोलीपर्यंत येता येता पैसे संपले आणि ती प्रायमरवरच राहिली. यंदा श्रावणात भाऊबंदकीचे रोट (कानबाईचा नैवेद्य) आमच्याकडे आहेत, कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, याच खोलीत बसणार. म्हणून पावसाआधी रंग उरकायचा आहे.

खोली १३ बाय ११ फूट, उंची १०. पश्चिमेला एकच खिडकी, ४ बाय ४ची. पूर्वेला ओसरीत उघडणारं दार. उत्तरेची भिंत अख्खी मोकळी आहे, तिच्यात जुन्या घरासारखी एक देवळी (कोनाडा) मुद्दाम ठेवून घेतली. चौरंग तिथेच मांडणार. दक्षिणेची भिंत जुन्या घराची, विटा मातीत रचलेल्या, वरून प्लास्टर. तिला लागून सासूबाईंची खाट. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, दिवसातले अठरा तास त्या याच खोलीत असतात.

आता अडचण सांगते. सासूबाईंना पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीचा, पिवळा हवा आहे. जुन्या घराची मधली खोली तशीच होती, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून. ह्यांना हवा आहे गडद मोरपंखी. कानबाईमागे मोरपंखी भिंत असली की दागिने आणि झेंडूची फुलं कशी उठून दिसतील, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आखाजीला (अक्षय तृतीयेला) दोन्ही नणंदा आल्या होत्या, शेड कार्ड समोर ठेवून तीन दिवस चर्चा झाली आणि त्या आपापल्या घरी गेल्या. निर्णय तिथेच आहे.

मला दोन्ही रंग आवडतात, हीच माझी पंचाईत. ज्यांनी असे एकदम उलटे रंग घरात लावून पाहिलेत त्यांनी मनापासून सांगा. "मधला काहीतरी बेज घ्या" असं मात्र नको.

---

केळीबाग | २६ मे, रात्री १०:२५

वहिनी, मी रावेर तालुक्यातला. माझं मत मोरपंखीला, आणि चारही भिंतींना.

कारण सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या खाली उतरायला तयार नसतो. सकाळी अकराला शेतातून घरी यायचं तेव्हा डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड असतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या खोलीत शिरलं तर तोच उजेड आत भेटतो. केळीच्या बागेत शिरल्यावर वरचं ऊन हिरवं होऊन खाली येतं आणि डोळे आपोआप मोठे होतात, तसं मला घरात पाहिजे. गेल्या वर्षी माझ्या खोलीला गडद हिरवा-निळा दिला. दुपारी दोन वाजता तिथे पडलं की दहा मिनिटांत डोकं उतरतं. आपली जुनी धाब्याची घरं काय उजेडाची होती का? छोटे झरोके, आत अंधार. उन्हाच्या मुलखात अंधार हीच सोय असते.

---

वाघूरकाठ | २६ मे, रात्री १०:४०

भाऊ, हे ह्यांना वाचून दाखवलं. फार खूश झाले.

---

रंगारी अमळनेर | २७ मे, सकाळी ६:५५

ताई, बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून हातातलं बोलतो.

गडद मोरपंखी दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, बसत नाही. फिकट रंगाच्या डब्यात मुळातच पांढरं भरपूर असतं, ते खालचं झाकतं. गडद शेड दुकानदार वेगळ्या बेसमध्ये काढतो, त्यात पांढरं जवळपास नसतं. म्हणून तिसरा हात धरूनच चाला, आणि खाली करड्या रंगाचा प्रायमर घ्या. पांढऱ्या प्रायमरवर मोरपंखी मारला की कोपऱ्यात आणि स्विचबोर्डाच्या कडेला पांढरं डोकावत राहतं.

दुसरं, आत्ता या आठवड्यात गडद रंग लावू नका. भिंत तापलेली असते, रोलर फिरवेपर्यंत आधीचा पट्टा वाळून जातो आणि दोन पट्टे जिथे एकावर एक येतात तिथे रेघ उमटते. फिकट रंगात ती खपून जाते, गडद रंगात संध्याकाळच्या तिरप्या उजेडात एकेक पट्टा मोजता येतो. भुसावळातच एका घरी असं झालं होतं, अख्खी भिंत घासून पुन्हा केली. पहिला वळवाचा पाऊस होऊन हवा उतरली की सकाळी सहा ते दहा या वेळात काम करायचं. मात्र मृग लागून झड बसली तर पुट्टी वाळत नाही. आठ-दहा दिवसांचीच फट मिळते, ती साधा.

तिसरं, तुमच्या उत्तरेच्या भिंतीवर पश्चिमेच्या खिडकीचा उजेड आडवा घासून जाणार. पुट्टी जिथे चढउतार राहिली तिथे सावली पडेल. चमकणारा रंग घेतला तर जास्तच. मोरपंखी घ्यायचाच असेल तर मॅट घ्या. पण मॅटवर बोट घासलं की पांढुरका ओरखडा राहतो, तोही सांगून ठेवतो.

---

पुण्यातली दोंडाईचा | २७ मे, सकाळी ९:१०

मी मोरपंखी लावून पस्तावलेली आहे. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात गेलो तेव्हा हौसेनं एक भिंत करून घेतली. दुकानातल्या चौकोनात जो रंग मखमली दिसत होता तो दहा फुटांवर अंगावर येतो. आणि धूळ! काळ्या कपड्यावर जशी दिसते तशी भिंतीवर दिसते. आपल्या गावाकडे तर काळ्या मातीची धूळ वैशाखात दाराच्या फटीतूनही आत येते.

पिवळ्याचंही एक सांगते. आईच्या घरी दोंडाईच्याला पिवळा दिला होता, कार्डावर अगदी सौम्य होता. चार भिंती समोरासमोर आल्या आणि एकीचा पिवळा दुसरीवर पडून खोली आंब्याच्या रसासारखी झाली. पिवळा घ्याल तर आवडलेल्या शेडपेक्षा दोन पायऱ्या फिकट घ्या.

---

गिरणामाई | २७ मे, दुपारी १:१५

स्थापत्य अभियंता आहे, भडगावकडचा. केळीबाग भाऊंच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पटतो, अर्धा पटत नाही.

डोळ्यांना आराम मिळतो हे खरं. पण जुनं घर थंड होतं ते अंधारामुळे नव्हे. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर, यातून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. झरोके छोटे होते ते ऊन आणि लू बाहेर ठेवायला. आताचा पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. आतल्या भिंतीच्या रंगानं यात जवळपास काही फरक पडत नाही. थंडावा हवा असेल तर गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारा, आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा तट्ट्या लावा. ऊन काचेच्या आत आलं की मग पडदा ओढून फारसा उपयोग नसतो.

रंगानं जे बदलतं तो उजेड. रंग कंपन्या प्रत्येक शेडला एक आकडा देतात, पडलेल्या प्रकाशातला किती परत फेकला जातो त्याचा. शुद्ध काळा ०, शुद्ध पांढरा १००. काही कार्डांवर तो मागे छापलेला असतो, नसेल तर दुकानदाराला विचारा. पिवडीसारखा फिकट पिवळा ६०च्या आसपास येतो. गडद मोरपंखी १०च्या आतबाहेर. एकच खिडकी असलेल्या खोलीत हा फरक फार मोठा आहे. सकाळी तुमच्या खिडकीतून ऊन येत नाही, म्हणजे मोरपंखी खोलीत सकाळी नऊलाही दिवा लावावा लागेल.

दक्षिणेच्या भिंतीबद्दल एक विचारायचं आहे. मातीत रचलेल्या विटा म्हणालात. खाली खार येतो का?

---

वाघूरकाठ | २७ मे, दुपारी ३:३०

येतो. खालच्या दीड-दोन फुटांत पांढरी पूड सुटते, पावसाळ्यानंतर जास्त. दर वर्षी ओल्या फडक्यानं पुसते.

---

गिरणामाई | २७ मे, दुपारी ४:०५

ताई, ओल्या फडक्यानं पुसू नका. तो खार पाण्यात विरघळून परत भिंतीत जातो आणि वाळला की पुन्हा वर येतो. कोरड्या ब्रशनं झाडा, पूड सुपलीत घेऊन बाहेर टाका. त्या भिंतीचं खालचं सिमेंट प्लास्टर निघण्याइतकं सुटलं असेल तर तेवढ्या भागात चुन्याचं प्लास्टर करा आणि वर चुन्याचाच हात द्या, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट राहील. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला तर वर्षभरात पापुद्रे सुटतील. आणि मोरपंखीवर पांढरा खार उमटला तर पाहुण्यांना आधी तोच दिसेल. त्या भिंतीपुरता तरी मोरपंखी माझ्या मते बाद.

---

काठपदर | २७ मे, रात्री ९:३०

आमचं धुळ्यात साडीचं दुकान आहे, आग्रा रोडला. पंचवीस वर्षं पिवळा आणि मोरपंखी शेजारी ठेवून विकतेय, म्हणून राहवत नाही.

हळदी अंग आणि मोरपंखी काठ ही जोडी कधी पडून राहत नाही. पण नुसती मोरपंखी साडी घडी घालून ठेवली तर ती मुकी दिसते. शेजारी पिवळी उलगडली की तीच बोलायला लागते. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, मघाची हीच होती का?" हीच असते. काठ चार बोटांचा असतो म्हणून तो शोभतो, हेही तितकंच खरं. अंगभर काठ कोणी नेसत नाही.

तुमच्या घरात भांडण "पिवळा की मोरपंखी" असं मांडलं गेलंय. आमच्या गादीवर ते "अंग कोणतं आणि काठ कोणता" असं मांडतात.

---

चित्रवही | २८ मे, सकाळी ७:४०

काठपदर ताईंनी जे सांगितलं त्याच्यामागे एक जुनी हकीकत आहे. मी चाळीसगावला चित्रकला शिकवतो, मुलांना दर वर्षी सांगतो. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रगालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तक्रार आली की काळं सूत फिकं पडतंय. त्यांनी रंग तपासला, तो चोख होता. मग लक्षात आलं की ज्या रंगाच्या शेजारी ते काळं विणलं जातं तो शेजारी त्याला फिकं करतोय. १८३९ मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना एकमेकांपासून दूर ढकलतात. पिवळ्याशेजारी निळा अधिक निळा होतो, निळ्याशेजारी पिवळा अधिक केशरी.

तुमच्या खोलीत याचा अर्थ असा की मोरपंखी थोडासा जरी लावलात तरी तो पुरेल, आणि पिवळा त्याच्याशेजारी कार्डावरच्यापेक्षा तापलेला दिसेल. म्हणून दोंडाईच्याच्या ताईंचा "दोन पायऱ्या फिकट" हा सल्ला इथे दुप्पट लागू.

आणखी थोडं, पिवडीच्या प्रेमापोटी. वर्गाला घेऊन मी अजिंठ्याला जातो तेव्हा पोरांना भिंतीवरचे रंग मोजायला लावतो. काव (लाल माती), पिवडी, चुन्याचा पांढरा, काजळी, हिरवी माती. हे बहुतेक मातीतले आणि चुलीतले. निळा तेवढा परका, तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. म्हणून तो जिथे लागलाय तिथे हात राखून लागलाय. पिवडी आणि काव दोन्हींत लोहच आहे. पिवडी तव्यावर भाजली तर लाल होते, हे मी वर्गात करून दाखवतो. आणि लोहाचे हे रंग उन्हानं उडत नाहीत. पश्चिमेचं ऊन रोज पडणाऱ्या खोलीत हा मोठा गुण आहे. दुकानात पिवळी शेड घेताना झगझगीत लिंबू-पिवळा टाळा, तो वेगळ्या रंगद्रव्याचा असतो आणि बऱ्याचदा उन्हात उतरतो. मातकट पिवळा घ्या.

---

पांझराकाठ | २८ मे, सकाळी ११:२०

ताई, माय ज्या खोलीमा ऱ्हास (राहते) तठला रंग मायले इचारा. बाकीना काय सांगतस ते मांगे ऱ्हाऊ द्या.

आम्हना धाबाना घरले पांढरी माती, वर पिवडी, अन् खाले कावना पट्टा ऱ्हाये. दिवाळीना आधी माय सोता पोतारे (सारवायची). मी साक्री तालुक्यातला, वय ६८. ही झाली आमची अहिराणी, बाकी मराठीत लिहितो. पिवडीत थोडा डिंक घातला नाही तर ती अंगाला लागायची, शाळेच्या सदऱ्याची पाठ पिवळी व्हायची. आईच्या हातची पिवडी आणि दुकानातला डबा यांची बरोबरी होणार नाही. तरी मागणारी माऊली तीच भिंत मागते आहे, हे तुमच्या घरच्यांना कळू द्या.

---

वाघूरकाठ | २८ मे, रात्री ८:१५

अप्पा, तुमचं पहिलं वाक्य मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, फोन हातात घेऊन बघत राहिल्या.

ह्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते हट्टी वाटतील. सासरे गेले त्या वर्षी कानबाई अशीच घाईघाईत ओसरीत बसवली होती, मागे जुनं बेडशीट बांधून. ते ह्यांना तेव्हापासून सलतंय. आता खोली झाली आहे तर मांडणी मनासारखी व्हावी, एवढंच त्यांचं म्हणणं. मोरपंखी त्यासाठी आहे.

---

भिंग | २८ मे, रात्री १०:५०

जळगावात डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासण्याचं काम करते. धागा सुरुवातीपासून वाचतेय, एक गोष्ट कोणी विचारलेली नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय?

वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं पडत जातं आणि ते निळा उजेड अडवतं. हे इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. गडद निळा आणि काळा, जांभळा आणि तपकिरी यांत गोंधळ व्हायला लागतो. पिवळा मात्र फारसा बदलत नाही. शिवाय बाहुली लहान होते, एकूणच तरुण डोळ्यापेक्षा बराच कमी प्रकाश आत जातो. तुम्हाला जी मोरपंखी भिंत दिसते ती त्यांना कदाचित दिसतच नसेल.

अजून एक. गडद भिंतीत लख्ख खिडकी असली की वयस्कर डोळ्यांवर चकाकी येते, शेजारचं काही दिसत नाही. खिडकीची भिंत फिकटच ठेवा. आणि दाराची चौकट मात्र भिंतीहून वेगळी, गडद असू द्या. रात्री उठून बाहेर जाताना म्हातारं माणूस दार चाचपडतं, ते भिंत आणि चौकट एकाच रंगात मिसळलेली असतात म्हणून.

---

वाघूरकाठ | २९ मे, सकाळी ६:३०

भिंग ताई, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या डिसेंबरात झालंय. डाव्याचं अजून व्हायचं आहे.

---

भिंग | २९ मे, सकाळी ८:००

मग तुमच्या घरातच तपासणी होऊ शकते. दोन्ही रंगांचे मोठे नमुने करा आणि त्यांना एकेक डोळा झाकून बघायला सांगा. न सुचवता विचारा, फक्त "काय दिसतं?" एवढंच.

---

रंगारी अमळनेर | २९ मे, सकाळी ८:२०

नमुना भिंतीवर मारू नका, त्याची कड पुढे रंगाखालून दिसते. दोन बाय दोनचे पुठ्ठे घ्या, प्रायमर मारा, वर दोन हात, मोरपंखीला तीन. छोटे डबे दुकानात मिळतात. कडेला तळहाताएवढं पांढरं राहू नये, नाहीतर त्याच्याशेजारी रंग खोटा दिसतो. पुठ्ठे चारही भिंतींवर फिरवा, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. आणि खोलीत कोणता दिवा आहे ते बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पिवळा हिरवट पडतो. ३०००च्या पिवळसर दिव्याखाली मोरपंखी मळतो. माझ्या अनुभवात ४००० दोघांनाही झेपतो.

---

वाघूरकाठ | १ जून, रात्री ९:२०

पुठ्ठे करून झाले, सगळं लिहिते.

शुक्रवारी पोरानं आणि ह्यांनी मिळून पुठ्ठे रंगवले. काल दिवसभर फिरवले. सकाळी आठला मोरपंखी उत्तरेच्या भिंतीवर ठेवला तर नुसता काळपट चौकोन. ह्यांचा चेहराच उतरला. दुपारी चारला पश्चिमेचं ऊन आलं आणि तोच पुठ्ठा असा उजळला की आम्ही सगळे उभे राहिलो, हिरवा-निळा, खोल, पाण्यासारखा. तो अर्धा-पाऊण तास खरोखर मोरपंखीचा होता. त्याच वेळी पिवळा मात्र पेटल्यासारखा झाला, केशरीच. सहाला सगळं निवलं. दिवेलागणीला पिवळा परत शांत, आणि मोरपंखी परत काळा.

मग सासूबाई. खाटेवर बसवलं, पुठ्ठा समोर धरला, हातानं डावा डोळा झाकला. विचारलं काय दिसतं. म्हणाल्या, "मोर." मग उजवा झाकला. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "या डोयाले चिखल दिसते." पुन्हा हात बदलला, पुन्हा बदलला. स्वतःच चार-पाच वेळा करून बघितलं. डिसेंबरपासून हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दोन्ही डोळे उघडेच असतात. पिवळा पुठ्ठा दाखवला तर दोन्ही डोळ्यांनी पिवळाच. डाव्यानं थोडा मळका, एवढंच.

हे सगळं बघत हे दारात उभे होते. थोड्या वेळानं आत आले आणि आईजवळ बसून त्यांनीही एक डोळा झाकून बघितलं. त्यांना अर्थात दोन्हींनी मोरच दिसला. म्हणाले, "म्हणजे मी जे तुला दाखवायला निघालो होतो ते तुला दिसलंच नसतं."

पिवळा ठरला. दोन पायऱ्या फिकट, मातकट. मोरपंखी कुठे आणि किती, ते आता तुम्ही सांगा. तो पूर्ण सोडायचा नाही, हे सासूबाईंचंच म्हणणं आहे.

---

केळीबाग | १ जून, रात्री १०:००

वहिनी, माझं मत मी मागे घेतो. माझी खोली माझ्या डोळ्यांना बरी आहे. तिथे झोपणारा मी ४१ वर्षांचा. माझ्या आईच्या खोलीलाही मी तोच रंग द्यायला निघालो होतो, आता आधी पुठ्ठा करीन.

---

काठपदर | १ जून, रात्री १०:१०

देवळी. आतून पूर्ण मोरपंखी, बाहेर पिवळं. आणि दाराची चौकट. काठ तेवढाच पुरे.

---

चित्रवही | १ जून, रात्री १०:४५

देवळीला माझाही होकार. खोलगट जागा तशीही सावलीत असते, तिथे गडद रंग शोभतो. आत समई लावली की ज्योतीशेजारी मोरपंखी दिसेल, आणि ज्योत मोठी दिसेल.

मात्र चौरंगामागे काय, हा तुमच्या यजमानांचा मूळ प्रश्न राहतोच. अख्खी भिंत रंगवू नका. मोरपंखी कापडाचा पडदा शिवून घ्या, कानबाईच्या दोन दिवसांपुरता. कापडावर दागिने भिंतीपेक्षाही चांगले उठतात, कारण साधं कापड भिंतीसारखं चमकत नाही. सोमवारी विसर्जन झालं की घडी करून ठेवायचा.

---

गिरणामाई | २ जून, सकाळी ७:३०

हिशोब देतो, डबे जास्त आणू नका. भिंतींची गोळाबेरीज ४८ फूट, उंची १०, म्हणजे ४८० चौरस फूट. दार-खिडकीचे ३७ वजा जाता ४४३. दक्षिणेच्या भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा चुन्याचा करायचा, ते २६ गेले. उरले ४१७. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण १२० चौरस फूट जातो. साडेतीन लिटर लागेल, ४ लिटरचा डबा घ्या. देवळीला सर्वांत छोटा डबा पुरतो. चौकट लाकडी असेल तर तिला ऑइल पेंट लागेल, तो वेगळा.

ती चौकट जुन्या घराची आहे का?

---

वाघूरकाठ | २ जून, सकाळी ८:१०

हो, सागवानी, जुनीच बसवली. तिच्यावर रंगाचे किती थर आहेत देव जाणे.

---

गिरणामाई | २ जून, सकाळी ८:३५

मग कोरडी घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचे थर जपूनच हाताळायचे. पाणी लावून ओल्या पेपरनं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, लेकराला त्या दिवशी शेजारी पाठवा आणि सासूबाईंची खाट ओसरीत काढा. निघालेला चिखल अंगणात ओतू नका, कागदात गुंडाळून टाका.

---

वाघूरकाठ | ११ जून, रात्री ८:४०

सहा तारखेला वळवाचा पाऊस झाला, हवा उतरली. नऊपासून काम सुरू केलं. गावातलाच रंगारी आहे, त्याला हा धागा दाखवला. त्यानं रंगारी भाऊंचं सगळं वाचून मान डोलावली.

गच्चीवर चुन्याचा हात झाला. दक्षिणेची भिंत कोरडी झाडून खाली चुना केलाय, तो अजून ओला आहे. आज उत्तर आणि पूर्वेला पिवळ्याचा पहिला हात पडला. देवळी उद्या. पडद्याचं कापड धाकट्या नणंदेनं जळगावातून पाठवलं. तिला पुठ्ठ्याचा फोटो पाठवला होता तर ती म्हणाली, फोटोत काही कळत नाही, पुठ्ठाच पाठवा. एसटीनं पाठवला.

संध्याकाळी सासूबाई ओसरीतल्या खाटेवरून उठून आत आल्या. ओल्या भिंतीला हात लावू नका म्हणेपर्यंत त्यांनी लावलाच. बोटं नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "वास नाही." पिवडीला ओल्या मातीचा वास यायचा, तो त्या शोधत होत्या. मला काही सुचलं नाही.

---

पांझराकाठ | ११ जून, रात्री ९:०५

ताई, तुम्ही दक्षिणेला खाली चुना केला आहे ना? त्यावर रंगाचा डबा नका वापरू. पिवडी अजून मिळते, किराणा-रंगाच्या जुन्या दुकानात विचारा. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, थोडा चुना, थोडा डिंक. तेवढा दोन फुटांचा पट्टा मायच्या हातानं पोतारू द्या. खाटेवर बसूनही हात पोचेल.

---

रंगारी अमळनेर | ११ जून, रात्री ९:३०

अप्पा म्हणतात ते चालेल, चुन्यावर पिवडी धरते. पण खालचा चुना पूर्ण वाळू द्या, हवा दमट आहे, चार-पाच दिवस तरी. वरच्या पिवळ्याचा दुसरा हात आधी उरका आणि कडेला टेप लावून ठेवा. ओळंब्याची रेघ दोन फुटांवर मारून घ्या म्हणजे पट्टा सरळ येईल.

---

वाघूरकाठ | १२ जून, सकाळी ७:१५

हे भुसावळला निघालेत, पिवडी मिळते का बघायला. किती आणू विचारतायत. २६ चौरस फुटांना किलोभर पुरेल का, अप्पा?

---

पांझराकाठ | १२ जून, सकाळी ७:२२

दोन आणा. देवळीना उंबराले बी लागी.